बसावेसे वाटते, पण बसवत नाही!

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्या महाविद्यालयाचे मागील चार-पाच वार्षिक अंक मी ग्रंथालयात बसून चाळले. त्यांतील कवितांत एक शब्द मला पुन्हा पुन्हा भेटला. तो म्हणजे 'अस्वस्थ'. कुणाचे मन अस्वस्थ आहे, कुणाची पिढी अस्वस्थ आहे, तर कुणाची रात्र अस्वस्थ आहे. अस्वस्थता हे जणू विचारी तरुणाचे भूषणच! व्याख्यानांतूनही आपल्याला हेच ऐकवले जाते की, जो स्वस्थ बसला तो संपला. याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आज मला ज्या अस्वस्थतेविषयी लिहायचे आहे, तिच्यात भूषणावह असे काहीही नाही. ती एका लहानशा गोळीतून येते, माणसाच्या पायांत शिरते आणि त्याला घटकाभर बसू देत नाही. ती मी माझ्या घरात पाहिली. पाहूनही मला ती ओळखता आली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे धाकटे चुलते बाजार समितीत हमाली करतात. आम्ही त्यांना नाना म्हणतो. दिवसभर पोती वाहणारा माणूस एकदा बसला की बसतो, तसे नाना बसत. आमच्या गावी एकादशीला रात्रभर भजन असते. नाना टाळ घेऊन मांडी घालत, ते पहाटेच्या काकडआरतीलाच उठत. मध्ये चहालासुद्धा उठत नसत. आजी कौतुकाने म्हणायची, "ह्यो म्हंजी देवळाचा खांबच!"

दोन वर्षांपूर्वी नानांना आवाज ऐकू येऊ लागले. भिंतीपलीकडे माणसे जमून आपल्याविषयी कट करतात, कुणीतरी आपल्या भाकरीत काही कालवते, असे ते म्हणू लागले. जेवण सुटले, झोप उडाली. देवऋषी झाले, अंगारेधुपारे झाले, दोन कोंबड्या गेल्या. अखेर तालुक्याच्या गावी डॉक्टरांकडे नेले. त्यांनी हॅलोपेरिडॉल नावाच्या गोळ्या सुरू केल्या. पुढे मी जे लिहिणार आहे त्याने कुणाचा गैरसमज होऊ नये, म्हणून आधीच स्पष्ट सांगते की, गोळ्यांनी काम केले. तीन-चार आठवड्यांत आवाज मागे सरले. नाना घरचे अन्न खाऊ लागले, आम्हाला नावाने हाक मारू लागले. ज्या घरातला माणूस असा परत येतो, त्या घराला औषधाची किंमत सांगावी लागत नाही.

१९५२ साली पॅरिसच्या सेंत-ॲन रुग्णालयात जाँ दले आणि पिएर देनिकेर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोरुग्णांना दिले, तेथून या औषधांचे युग सुरू झाले. हॅलोपेरिडॉल १९५८ साली बेल्जियममध्ये पॉल यान्सेन यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. त्यापूर्वी अशा रुग्णांसाठी इन्सुलिन टोचून बेशुद्ध करणे, विजेचे झटके देणे, नाही तर वर्षानुवर्षे कोंडून ठेवणे, असेच मार्ग होते. तेव्हा या गोळ्यांचे उपकार मान्यच केले पाहिजेत. परंतु ज्याचे उपकार मानायचे त्याचे दोष पाहायचेच नाहीत, असा काही नियम नाही.

आवाज मागे सरत होते, त्याच सुमारास दुसरी गोष्ट सुरू झाली. नाना अंगणात येरझारा घालू लागले. तुळशीपासून गोठ्यापर्यंत आणि गोठ्यापासून तुळशीपर्यंत. चहा उभ्याने. जेवताना दोन घास खाऊन उठायचे, अंगणात एक फेरी मारून यायचे, पुन्हा दोन घास. खाटेवर आडवे झाले तरी पाय एकमेकांवर घासत राहायचे. उभे केले तर या पायावरून त्या पायावर भार टाकायचे. एस.टी.त जागा असूनही तालुक्यापर्यंत दांडा धरून उभे. एकादशीला आजीने हट्टाने त्यांना देवळात नेले. पहिला अभंग संपण्यापूर्वीच नाना टाळ खाली ठेवून बाहेर आले आणि पाराभोवती फिरत राहिले. पोरे हसली. कुणी म्हणाले, "प्रदक्षिणा चालल्यात."

घरात आम्ही सर्वांनी एकमताने निदान केले, 'येड वाढलं!' वडिलांनी डॉक्टरांना तसेच सांगितले. "लई फिरत्यात, ऐकत न्हाईत, रातीचं झोपत न्हाईत." बाहेर रुग्णांची रांग होती. डॉक्टरांनी जे विचारले ते वडिलांना विचारले. नाना दाराशी उभे होते, या पायावरून त्या पायावर. गोळी वाढली. गोळी वाढली तसे फिरणे वाढले. फिरणे वाढले म्हणून पुढच्या खेपेला गोळी आणखी वाढली.

या साऱ्यात मी कुठे होते? आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. घरात इंग्रजी कागद आला की तो माझ्याकडे येतो, मग ते वीजबिल असो की डॉक्टरांची चिठ्ठी. त्यातून मी मानसशास्त्र विषय घेतलेला. त्यामुळे 'पोरगी त्याचंच शिकतीय' म्हणून माझ्या शब्दाला वजन. एका रात्री नाना अंगणात फिरत होते. मी उंबऱ्यात उभी राहून, आपल्याला फार कळते अशा थाटात त्यांना म्हणाले, "नाना, जरा मन घट्ट करा. मनात आणलं तर बसता येईल तुम्हाला." ते थांबले नाहीत. फिरता फिरताच म्हणाले, "मला बसायचंच हाय गं पोरी. ह्ये आतलं बसू देत न्हाई."

'ह्ये आतलं' म्हणजे काय, हे मी त्यांना विचारले नाही. मी मनाशी ठरवून टाकले की, आत आवाज आहेत आणि तेच नानांना फिरायला सांगत आहेत. पुस्तकात तसे वाचले होते. मी ते वडिलांना सांगितले, वडिलांनी डॉक्टरांना सांगितले आणि तिसऱ्यांदा गोळी वाढली. हा लेख मी कुणा डॉक्टरांवर राग काढण्यासाठी लिहीत नाही, याचे कारण हे आहे. ती तिसरी वाढ माझ्या शब्दाने झालेली आहे.

त्यानंतर एक दिवस आजीला गोठ्याच्या कुडात खोचलेल्या गोळ्या सापडल्या. पंधरा-वीस असतील. नानांनी गोळ्या घेणेच सोडले होते. पाय हळूहळू शांत झाले, ते मांडी घालून जेवू लागले आणि आम्हाला वाटले, बरे झाले. दीड महिन्याने आवाज परत आले, पहिल्यापेक्षा जोरात. पुन्हा गोळ्या, पुन्हा येरझारा. त्या दिवसांत नाना एकदा आजीला म्हणाले, "आवाज परवडलं, पन ह्ये नको. ह्याच्यापरीस मेल्यालं बरं." तेव्हा मात्र वडील घाबरले आणि आम्ही त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी घेऊन गेलो.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आम्हाला गप्प राहायला सांगितले. नानांना स्टुलावर बसवले आणि त्यांच्याशी भजनाच्या गोष्टी काढल्या. बोलता बोलता त्या नानांच्या पायांकडे पाहत होत्या. दोन-तीन मिनिटांनी त्यांना उभे केले आणि पुन्हा तसेच बोलत राहिल्या. मग त्यांनी विचारले, "फिरायला आवाज सांगतात का?" नाना म्हणाले, "न्हाई." "मग फिरावंसं कुणाला वाटतं? मनाला का पायांना?" नाना म्हणाले, "पायास्नी. मुंग्यांचं वारूळ फुटल्यागत हुतंय. चाललं की जरा दम खातंय. मला बसायचंच असतंय, बाई." डॉक्टरबाई आमच्याकडे वळून म्हणाल्या, "हा आजार नाही. हे औषधामुळे आहे."

इतक्या महिन्यांत हा प्रश्न नानांना पहिल्यांदाच कुणी विचारला होता. उत्तर तर त्यांच्यापाशी पहिल्या दिवसापासून होते!

परत आल्यावर मी आमच्या सरांच्या मदतीने या विषयावर मिळेल ते वाचले. या त्रासाला वैद्यकात नाव आहे. अकॅथिझिया. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'न बसणे' असा आहे. प्राग येथील मज्जाविकारतज्ज्ञ लादिस्लाव्ह हाश्कोवेत्स यांनी १९०१ साली हे नाव दिले. तेव्हा ही औषधे अस्तित्वातच नव्हती. ज्यांना बसणे अशक्य झाले होते अशा दोन रुग्णांचे वर्णन त्यांनी केले होते. पुढे क्लोरप्रोमाझिन आणि हॅलोपेरिडॉल आल्यावर तोच प्रकार शेकडो रुग्णांत दिसू लागला आणि जुने नाव कामाला आले. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांत, काही आठवड्यांत हा त्रास डोके वर काढतो. गोळी जितक्या झपाट्याने वाढवावी तितका धोका अधिक. सगळीच औषधे सारखी नाहीत. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनी तो जास्त होतो, क्लोझापिन किंवा क्वेटियापिन यांनी कमी. नवे औषध म्हणजे निर्धोक, असेही नाही. ॲरिपिप्राझोल आणि कॅरिप्राझिन या अलीकडच्या औषधांनीही तो होतो.

असे का व्हावे? मेंदूत डोपामिन नावाचे एक रसायन पेशीपेशींत निरोप पोहोचवते. ही औषधे तो निरोप अडवतात. आवाज आणि संशय यांच्या बाबतीत हे अडवणे उपकारक ठरते. परंतु शरीराच्या हालचालींचा कारभारही डोपामिनवर चालतो; आणि पोटात गेलेली गोळी मेंदूच्या एकाच खोलीत जाऊन बसत नाही. अकॅथिझियाची संपूर्ण उकल शास्त्रज्ञांनाही अद्याप झालेली नाही, परंतु मुख्य संशय याच अडवणुकीवर आहे.

हा वेडाचाच भाग असेल, अशी शंका अजूनही कुणाला असेल, तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. उलटी थांबवण्यासाठी मेटोक्लोप्रामाइड नावाचे औषध सर्रास दिले जाते. तेही डोपामिन अडवते, आणि ज्याला उलटीखेरीज काहीही झालेले नाही अशा माणसालाही त्याने कधी कधी अशीच तगमग होते. दुसरी गोष्ट अधिक बोलकी आहे. १९७७ साली इस्रायलमधील बेलमेकर आणि वॉल्ड या दोन संशोधकांनी आपल्या स्वतःच्या शिरेतून ५ मिलिग्रॅम हॅलोपेरिडॉल टोचून घेतले. दोघेही शहाणेसुरते, अभ्यासक माणसे. दहा मिनिटांच्या आत विचार आणि हालचाल मंदावली आणि आतून विलक्षण अस्वस्थता दाटून आली. दोघांनाही काम सोडून घरी जावे लागले आणि दीड दिवसाहून अधिक काळ ते कामावर येऊ शकले नाहीत. त्या दोघांना 'मन घट्ट करा' असे सांगायला कुणी उंबऱ्यात उभे नसावे!

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. या त्रासातली सर्वांत भयंकर गोष्ट म्हणजे तो आजारासारखा दिसतो. थरथर सुटली, मान वाकडी झाली, लाळ गळू लागली, तर बघणाऱ्याला कळते की हे औषधाने झाले. पण मनोरुग्ण येरझारा घालू लागला, चिडू लागला, झोपेनासा झाला, तर वेड वाढले असेच सर्वांना वाटते. मग ज्या औषधाने त्रास होतो तेच औषध वाढते. ही चक्की फिरू लागली की ती थांबवू शकेल असा एकच माणूस असतो, तो म्हणजे स्वतः रुग्ण. आणि नेमके त्याचेच कुणी ऐकत नाही, कारण तो 'वेडा' आहे. एकदा कपाळावर हा शिक्का बसला की माणसाच्या पोटदुखीवरसुद्धा कुणी विश्वास ठेवत नाही. नानांचे पाय दुखतात की मन, हे वडिलांनी सांगायचे, मी सांगायचे, शेजाऱ्यांनी सांगायचे. नानांनी तेवढे सांगायचे नाही!

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, मनोरुग्णाच्या उपचारात त्याच्या शब्दाला साक्षीचा मान मिळाला पाहिजे. त्याला भिंतीपलीकडचे कट दिसतात, म्हणून त्याला स्वतःच्या पायांतले कळत नाही, असे होत नाही. आवाजांच्या बाबतीत त्याचे चुकत असेल, पायांच्या बाबतीत आपले चुकते.

आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी. शब्दांशी आमचा संबंध, म्हणून या प्रश्नाची भाषेची बाजूही सांगते. नानांच्या जुन्या केसपेपरवर मी नंतर पाहिले, तर तेथे इंग्रजीत 'अस्वस्थ' एवढाच शब्द होता. या एका शब्दाने सगळा घोटाळा केला. चिंता असली तरी माणूस अस्वस्थ, आवाज वाढले तरी अस्वस्थ, औषध अंगावर आले तरी अस्वस्थच. उलट आमच्या घरातले शब्द पाहा. चुळबुळ निराळी, घालमेल निराळी, तगमग निराळी. 'जीव थाऱ्यावर नाही' हे मनाचे झाले, 'बूड टेकवत नाही' हे शरीराचे झाले. नाना म्हणाले, 'मला बसायचंच हाय.' या एका वाक्यात निदानाचा अर्धा भाग आहे. मनाला बसायचे आहे आणि देह बसू देत नाही, हीच तर अकॅथिझियाची खूण! ते वाक्य आमच्या अंगणातून डॉक्टरांच्या टेबलापर्यंत जाताना वडिलांच्या तोंडी 'लई फिरत्यात' झाले, माझ्या तोंडी 'आवाज सांगतात' झाले आणि कागदावर 'अस्वस्थ' झाले. जे शहाणपण मूळ शब्दांत होते, ते आम्ही शिकल्यासवरल्यांनी वाटेत सांडले.

यावर काही आक्षेप येतील, आमच्या वर्गात आलेही. पहिला आक्षेप असा की, मग या विषारी गोळ्या बंदच का करू नयेत? मी नानांचे उदाहरण दिलेच आहे. त्यांनी मनानेच गोळ्या बंद केल्या आणि दीड महिन्यात होते त्याहून मागे गेले. डॉक्टरांना न विचारता औषध सोडणे हा या दुखण्यावरचा उपाय नाही. आणि त्याची गरजही नसते, कारण उपाय आहेत. गोळी कमी करता येते, औषध बदलता येते, प्रोप्रानोलॉलसारखे औषध जोडीला देता येते. डॉक्टरबाईंनी नानांना दम्याचा त्रास नाही ना, हे आधी विचारले, कारण दमेकऱ्याला हे औषध चालत नाही. ही निवड डॉक्टरांचीच. आपण करायचे ते इतकेच की, निवड करायला लागणारी खरी माहिती त्यांना पोहोचवायची. थरथर थांबवण्याची जी गोळी या औषधांबरोबर बहुतेक वेळा दिली जाते, तिचा या त्रासावर फारसा भरवसा धरता येत नाही. 'जोडीची गोळी चालू आहे' म्हणून निर्धास्त राहण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप गावाकडचा. 'ही इंग्रजी औषधंच अशी. आपली झाडपाल्याची बरी.' या म्हणण्याला सर्पगंधेचा इतिहास उत्तर देतो. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या वेडावर वापरात होती. १९३१ साली सेन आणि बोस या भारतीय वैद्यकांनी तिच्यावर लिहिले, १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग जगापुढे मांडला, आणि १९५४ साली अमेरिकेत नेथन क्लाइन यांनी तिच्यातील रेसरपिन मनोरुग्णांना दिल्याचे प्रसिद्ध केले. आणि त्या रेसरपिनवरही रुग्णांना हीच तगमग झाली! मुळी आपल्या रानातली होती म्हणून तिने पायांना दयामाया दाखवली नाही.

तिसरा आक्षेप शिकलेल्यांचा, म्हणून अधिक विचार करण्यासारखा. रुग्णाला दुष्परिणाम आधीच सांगितले तर तो घाबरून औषधच घेणार नाही, असे म्हणतात. मला वाटते, घडते ते उलट. १९७४ साली थिओडोर व्हॅन पुटेन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांनी स्किझोफ्रेनियाचे रुग्ण औषध का नाकारतात, याचा अभ्यास प्रसिद्ध केला. हालचालींवरील दुष्परिणामांशी, विशेषतः वरवर न दिसणाऱ्या या अकॅथिझियाशी, त्या नकाराचा संबंध त्यांना आढळला. याचा अर्थ, ज्याला आपण 'हेका' म्हणतो तो पुष्कळदा त्रासावरचा त्याचा स्वतःचा उपाय असतो. नानांना पहिल्याच दिवशी कुणी सांगितले असते की, 'पायांत असे होऊ शकते, झाले तर लगेच या, यावर इलाज आहे,' तर त्या गोळ्या कुडात गेल्या नसत्या.

आणि हे सांगणे म्हणजे काही उपकार नव्हेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला आहे. त्याच्या २२ व्या कलमानुसार, दिल्या जाणाऱ्या उपचारांची आणि त्यांच्या ज्ञात दुष्परिणामांची माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे. आणि तीही त्याला समजेल अशा भाषेत. कायदा इतका स्पष्ट आहे. पण आमच्या घरी आलेल्या गोळ्यांच्या पाकिटावर एकही ओळ मराठीत नव्हती. आतला कागद इंग्रजीत, आणि अक्षर एवढे बारीक की आजी म्हणाली, "मुंग्या चालल्यात का काय ह्याच्यावर?" हमालाला समजेल ती भाषा कोणती, हे कायद्याने आपल्यावर सोपवले आहे.

डॉक्टरांची अडचण मला दिसत नाही असे नाही. एका सकाळी जेवढ्या माणसांना ते तपासतात तेवढ्यांची मी नुसती नावे जरी लिहिली तरी हात दुखेल. परंतु हे निदान करायला यंत्र लागत नाही, रक्त काढावे लागत नाही, पैसाही लागत नाही. ब्रिटनमधील थॉमस बार्न्स यांनी १९८९ साली यासाठी एक पद्धत घालून दिली. रुग्णाला बसवून आणि उभे करून प्रत्येकी किमान दोन मिनिटे पाहायचे, आणि मग त्याला काय होते ते त्यालाच विचारायचे. म्हणजे जिल्ह्याच्या डॉक्टरबाईंनी केले तेवढेच. डॉक्टरांपाशी ही मिनिटे नसतील, तर घरच्या माणसांपाशी अख्खा दिवस आहे. निदान डॉक्टरांसमोर बोलायचा पहिला मान तरी आपण त्या माणसाला देऊ शकतो.

माझ्याप्रमाणे ज्यांच्या घरात वाचता येणारे पहिलेच माणूस आपण आहोत, त्यांना मला विशेष सांगायचे आहे. आपल्या घरच्यांचा आपल्या ज्ञानावर फार विश्वास असतो आणि तो विश्वास धोक्याचा आहे. पाच गुणांच्या टिपेपुरते शिकून आपण घरात निकाल देऊ लागतो. चिठ्ठी वाचून दाखवणे हे आपले काम. ते आपण जरूर करावे. पण त्या चिठ्ठीचा धनी दुसरा आहे, हे विसरू नये. घरात कुणाला अशी औषधे चालू असतील तर त्याला आपल्या बोलीत विचारावे. बसवते का? पायांत काही होते का? फिरल्याने बरे वाटते का? हे औषध सुरू झाल्यावर लागले की आधीपासून होते? आणि जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवावे, आपले पुस्तकी शब्द मध्ये घालू नयेत. या तगमगीपायी माणसाच्या मनात जीव देण्याचे विचार येऊ शकतात. ते त्याने बोलून दाखवले तर 'नाटक' म्हणून सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. २०२२ साली सुरू झालेल्या टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, रात्री-अपरात्री चालतो आणि तेथे मराठीत बोलता येते.

प्राध्यापकवर्गालाही एक विनंती आहे. मानसशास्त्राच्या तासाला आम्ही स्किझोफ्रेनियाची लक्षणे पाठ करतो, औषधांची नावे पाठ करतो. दुष्परिणाम एका ओळीत संपतात. त्या ओळीत माणसे अडकलेली असतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात रस्ता झाडण्याबरोबरच, गावातल्या ज्या घरांत अशी औषधे चालू आहेत तेथे जाऊन चिठ्ठी मराठीत वाचून दाखवण्याचे आणि वरचे चार प्रश्न विचारण्याचे काम घ्यावे. त्याला निधी लागणार नाही.

नानांची गोळी कमी झाली, जोडीला दुसरी आली आणि दहा-बारा दिवसांनी एका रात्री ते न उठता पूर्ण जेवले. आजीने ते पाहिले आणि काही बोलली नाही, भाकरी तेवढी आणखी एक वाढली. पुढे डॉक्टरबाईंनी औषधही बदलले. आवाज अधूनमधून येतात, पण नाना ते आम्हाला सांगतात. हमालीला ते आठवड्यातून तीन-चार दिवस जातात. गेल्या एकादशीला ते मध्यरात्रीपर्यंत भजनात बसले होते. त्यानंतर उठून बाहेर आले. मी धास्तावून मागे गेले आणि विचारले, "नाना, पाय का?" ते म्हणाले, "न्हाई गं, झोप आली."

या वेळी मी विचारले होते आणि त्यांनी सांगितले होते. पहिल्या वेळीही एवढेच करायचे होते.